लंगडणारं घड्याळ: एक फटकळ आजी आणि नऊ वर्षांचा शेजारी

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. ज्येष्ठांसोबत काम करताना पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते नमुन्यादाखल रचलं आहे, म्हणून त्यात नावं नाहीत. तारखा आणि मोजमापं या नमुन्यापुरतीच आहेत. कान कसा बिघडतो आणि लंबकाचं घड्याळ कसं लावतात, हे मात्र जसंच्या तसं आहे.

आजींचं वय ७६. हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन चौदा महिने झाले, मुलगी दुसऱ्या गावी. स्वभाव आधीपासूनच कडक होता, पण गेल्या वर्षभरात त्या दार उघडतानाच डाफरायला लागल्या होत्या. भिंतीपलीकडच्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. मुलगा संध्याकाळी पाच ते साडेसहा घराच्या भिंतीवर चेंडू मारायचा. सहा आठवड्यांत आजींनी चार तक्रारी केल्या. चौथ्या वेळी चेंडू परत दिलाच नाही. मुलाच्या आईचं मत ठरून गेलं होतं, ‘काकूंना मुलंच आवडत नाहीत.’ आजींचंही ठरलेलं, ‘पोराला वळण नाही.’

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

चांगल्या मनाची माणसं करतात तेच आईने केलं. मुलाला घेऊन गेली, माफी मागायला लावली आणि ‘आजींशी जरा गप्पा मार’ म्हणून समोरच्या खुर्चीत बसवलं. वीस मिनिटांत सगळं बिघडलं. मुलगा खाली बघून पुटपुटला. आजी म्हणाल्या, ‘नीट बोल.’ तो मोठ्याने बोलला, तर ‘ओरडतोस कशाला?’ तो गप्प झाला, तर ‘तोंडात मूग धरलेत का?’ आईने मध्ये पडून त्याचं प्रत्येक वाक्य सुधारलं. घरी आल्यावर मुलगा म्हणाला की पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही.

या वीस मिनिटांत तीन चुका झाल्या आणि तिन्ही टाळता येण्यासारख्या होत्या. मुलाच्या पाठीमागे खिडकी होती, त्यामुळे त्याचा चेहरा अंधारात आणि ओठ दिसेनात. टीव्ही चालू होता. आणि दोघांना एकमेकांकडे बघत बसण्याखेरीज काहीच काम नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाला अनोळखी मोठ्या माणसासमोर नुसतं बोलत बसणं ही शिक्षाच वाटते. शेजारी बसून हातात काहीतरी असेल तर तेच मूल आपोआप बोलायला लागतं. आजींच्या वयाच्या, शोकातून बाहेर न आलेल्या माणसालाही ‘कशा आहात?’ या प्रश्नापेक्षा ‘हे जरा धरता का?’ हा प्रश्न सोपा जातो.

‘नीट बोल’ आणि ‘ओरडतोस कशाला’ ही दोन वाक्यं एका मिनिटाच्या आत ऐकू आली, तर स्वभावाचा विचार बाजूला ठेवून आधी कानाचा विचार करावा. ही जोडी जवळजवळ ओळखचिन्हच आहे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. लहान मुलाच्या आवाजाची मूळ पट्टी साधारण २५० ते ३०० हर्ट्झ असते, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या दुपटीहून जास्त. शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं, स, श, त, ठ, ख यांसारखी, त्याहूनही बऱ्याच वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. स्वर ऐकू येतो, व्यंजन गळतं. त्यामुळे माणसाला ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. समोरचा अस्पष्ट बोलतो असं वाटतं. त्यात आतल्या कानाची आवाज सोसण्याची मर्यादाही आक्रसते. हळू बोललेलं ऐकूच येत नाही, आणि थोडं वाढवलं की एकदम अंगावर येतं. चेंडूचा धप्प आवाज खालच्या पट्टीतला. तो भिंतीतून, जमिनीतून येतो आणि पूर्णच ऐकू येतो. म्हणजे आजींना मुलाचा चेंडू शंभर टक्के ऐकू यायचा आणि मुलाचं बोलणं अर्धं. अशा माणसाला ते मूल केवळ गोंगाट वाटलं, तर नवल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या दर चौघांत एकाहून जास्त जणांना रोजच्या जगण्यात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. तरीही अशा प्रकरणांत कानाची तपासणी बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होते. इथेही तसंच झालं. मुलगी फोनवर आठ महिने सांगत होती, आजी ऐकत नव्हत्या. ‘माझे कान ठणठणीत आहेत, तुम्हीच पुटपुटता.’

घड्याळ

आजींच्या भिंतीवर लंबकाचं टोले देणारं घड्याळ होतं. आठवड्यातून एकदा चावी द्यायची, ते काम नवरा करायचा. तो गेल्यावर आजी देत होत्या. गेले दोन महिने ते दोन-तीन तास चाले आणि बंद पडे. लंबकाला हलका धक्का दिला की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. ते चेंडूमुळे बिघडलं, असं आजी ठासून सांगत. कुणाचा विश्वास नव्हता.

पहिल्या फसलेल्या भेटीनंतर बारा दिवसांनी चुकून शेजारच्या घरी आलेलं आजींचं पत्र द्यायला मुलगा दारात उभा राहिला. आजींनी पत्र घेतलं. तो निघाला नाही.

‘काय रे?’

‘आजी, तुमचं घड्याळ लंगडतंय.’

आजींना ‘घड्याळ’ तेवढं कळलं. मुलाने दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडून दाराच्या चौकटीवर बोट वाजवलं. टक-टक, मध्ये जागा, टक-टक, मध्ये जागा. आजी त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आत ये. पुन्हा वाजव.’

आजींना टोले ऐकू येत होते, टिकटिक ऐकू येत नव्हती. टिकटिक हा बारीक, कोरडा, उंच पट्टीचा आवाज. घड्याळ लंगडतंय हे समजायला तोच ऐकावा लागतो. दुसरी वाट नाही असं नाही, पण घरच्या घरी कानाइतकं अचूक साधन नाही. या क्षणापासून प्रकरण बदललं, कारण मुलाकडे असं काही होतं जे आजींना खरोखरच हवं होतं. पिढ्यांमधलं नातं जोडायच्या बहुतेक उपक्रमांत वृद्धाने मुलाला काही द्यायचं असतं किंवा मुलाने वृद्धाला ‘सोबत’ करायची असते. दोन्हींत एकजण उपकाराखाली येतो. इथे तसं झालं नाही. कान त्याचे, चावी त्यांची.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये गटागटांतले पूर्वग्रह कशाने कमी होतात याचा विचार मांडताना नुसत्या भेटीगाठींवर भिस्त ठेवली नव्हती. बरोबरीचा दर्जा, सामाईक उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीने काम आणि वरच्यांचा पाठिंबा, या चार अटी त्यांनी सांगितल्या. माफीच्या भेटीत यातल्या पहिल्या तीन नव्हत्याच. घड्याळाने त्या तिन्ही आणल्या. चौथीसाठी आईशी बोलावं लागलं.

काम कसं बांधलं

वेळ आधी ठरवली: शनिवार आणि रविवार, सकाळी दहा वाजता, पंचवीस मिनिटं. शाळेनंतरची संध्याकाळ मुद्दाम टाळली. त्या वेळी मूल दमलेलं असतं आणि दिवसभर ताण देऊन ऐकलेल्या माणसाचे कानही थकलेले असतात. आजींच्या बोटांचे सांधे सकाळी उठल्यावर सुमारे अर्धा तास आखडलेले असत, दहापर्यंत ते मोकळे व्हायचे. पंचवीस मिनिटं झाली की काम अर्धवट असलं तरी थांबायचं. हा नियम आजींना पटला नाही, पण पाळला. अर्धवट राहिलेलं कामच मुलाला पुढच्या वेळी परत आणतं.

सुरक्षेच्या अटी दोन्ही घरांना सरळ शब्दांत सांगितल्या. दार उघडं राहील. मुलाचे आई किंवा वडील न सांगता केव्हाही डोकावतील, त्यात आजींचा अपमान नाही. मुलाला कधीही ‘आज नको’ म्हणता येईल, आजींनाही. आजींच्या गोळ्या टेबलावर सुट्या डब्यात असत, त्या वरच्या कपाटात गेल्या. ज्या घरात वर्षानुवर्षं लहान मूल नसतं, तिथे औषधं हाताच्या उंचीवर असतात आणि कुणाला ते खटकतही नाही. मोठ्या मुलामागून धाकटी बहीण येणार हे गृहीतच धरायचं.

बोलायची पद्धत एका कागदावर लिहून भिंतीला लावली. मुलाने खिडकीकडे तोंड करून बसायचं. अंतर हातभर ते मीटरभर. आवाज वाढवायचा नाही, वेग कमी करायचा. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणायचं नाही, दुसऱ्या शब्दांत सांगायचं. टीव्ही बंद.

ठोके सरळ करणं

लंबक एका बाजूला गेला की चाकाचा एक दात सुटतो आणि ‘टिक’ वाजतं, दुसऱ्या बाजूला गेला की ‘टॉक’. पेटी किंचित कलली की एका बाजूचा दात लवकर सुटतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा. उशिराच्या बाजूला लंबकाला जास्त लांब जावं लागतं. ताजा धक्का दिलेला असतो तोवर तो जातो. झोका जरा आखूड झाला की दात सुटत नाही आणि घड्याळ थांबतं. दोन-तीन तास चालून बंद पडण्याचं कारण हेच. पेटी वर एकाच खिळ्यावर टांगलेली होती, खालचे कोपरे मोकळे. भिंतीवर रोज दीड तास बसणाऱ्या दणक्यांनी ती खालून बाजूला सरकली होती. आजींचा आरोप खरा निघाला. हे मुलाला सांगितलं, आणि आजींना ते सांगितलं जाताना ऐकू दिलं. तक्रार खरी असेल तर ती खरी आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं. नाहीतर माणूस ती आणखी मोठ्याने करतो.

कृती अशी. पेटीच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारायची, म्हणजे मूळ जागा कळते. लंबकाला बोटभर झोका द्यायचा, अर्धा मिनिट थांबायचं. मुलगा डोळे मिटून ऐकतो आणि जसं ऐकू येतं तसं टेबलावर बोटाने वाजवतो. आजी बोट बघतात आणि पेटीचा तळ एका बाजूला मिलिमीटरभर सरकवतात. पुन्हा ऐकायचं. लंगडणं वाढलं तर बाजू चुकली, उलटीकडे न्यायचं. या घड्याळात मूळ रेघेपासून डावीकडे साडेतीन मिलिमीटरवर ठोके सारखे पडले. सारखे पडले की बोट आपोआप एका लयीत येतं, तेव्हा आजींनीच ‘थांब’ म्हटलं. नवी रेघ मारली आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे रबराचे लहान तुकडे चिकटवले, म्हणजे पेटी पुन्हा सरकणार नाही.

एक खबरदारी: पेटी खिळ्यावरून उतरवायची असेल तर लंबक आधी काढून ठेवावा. तो ज्या पातळ पट्टीला लटकतो ती पत्र्याची स्प्रिंग एका हिसक्याने मुरडते. मुरडलेल्या पट्टीवर लंबक सरळ न झुलता वाकडातिकडा झुलतो, आणि मग ठोके कितीही लावा, घड्याळ टिकत नाही.

साठ आणि आठ

घड्याळ चालू राहिलं, पण मागे पडू लागलं. शनिवारी दहाला लावलं, रविवारी दहाला पाहिलं, तर चार मिनिटं मागे. लंबकाच्या गोळ्याखाली एक लहान चाकी असते. ती फिरवून गोळा वर घेतला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जातं, खाली सोडला की मागे पडतं. हा लंबक साधारण २५ सेंटिमीटरचा, म्हणजे एका सेकंदात एक पूर्ण झोका, मिनिटाला १२० ठोके. एवढ्या लांबीच्या लंबकात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. चाकीचा एक फेरा अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड मिनिट. चाकी फिरवताना गोळा दुसऱ्या हाताने धरायचाच, नाहीतर वरची पट्टी पिळली जाते. मुलाने पहिल्यांदा एका हातानेच फिरवली. आजींनी चापटीसारखा हात पुढे केला आणि तसाच मागे घेऊन गोळा धरला.

दोन फेरे वर. पुढच्या शनिवारी घड्याळ बरोबर लावलं. रविवारी मिनिटकाटा बाराच्या रेघेवर आला तेव्हा मुलाने फोनवरची वेळ पाहिली आणि म्हणाला, ‘साठ सेकंद मागे.’ आजींनी वहीत लिहिलं: ८.

‘साठ’मधला ‘स’ काढला की उरतो ‘आठ’. उंच पट्टी गेलेल्या कानाला हे दोन शब्द एकच आहेत. ‘सात’ही त्यांच्यात मिसळतो. मराठीत आकडे बोलून काम करणाऱ्या कुठल्याही ज्येष्ठ व्यक्तीच्या बाबतीत, औषधाचा डोस असो की फोन नंबर, ही जागा धोक्याची आहे.

आठ सेकंद म्हणजे चांगलंच, म्हणून चाकीला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी घड्याळ सात मिनिटं मागे होतं. आजींच्या हिशेबाने सात दिवसांचे छप्पन्न सेकंद व्हायला हवे होते. ताळा जुळेना. आयुष्यभर ताळा जुळवलेल्या माणसाला तो न जुळण्याचं एकच कारण सुचलं: कुणीतरी हात लावलाय.

‘मी नाही लावला! मी साठच म्हणालो होतो!’

‘तेच म्हणते मी! आठच म्हणालास!’

मुलाने पेन्सिल टेबलावर आपटली आणि निघून गेला. रविवारी आला नाही. त्याच्या आईला वाटलं, संपलं एकदाचं.

बुधवारी आजी मागचे हिशेब पाहायला वही चाळत होत्या. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मुलाच्या अक्षरात पेन्सिलीने ६० लिहिलेलं सापडलं. बोलण्याआधी त्याने स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं. आजींनी ८ वर लाल शाईने एक आडवी रेघ मारली, शेजारी ६० लिहिलं आणि आद्याक्षरी, म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षरांची छोटी सही, केली. खातेवहीत खाडाखोड करत नाहीत. चुकलेला आकडा वाचता येईल असा राहू द्यायचा आणि दुरुस्ती कुणी केली ते दिसू द्यायचं. मग शेजारच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: ‘नोंद माझी चुकली. ६० बरोबर. शनिवारी १० वाजता. चाकी फिरवायची राहिली आहे.’

‘माफ कर’ हे शब्द चिठ्ठीत नव्हते. मुलाच्या आईला ते हवे होते आणि तिने तसं सांगायचं ठरवलं होतं, तिला थांबवावं लागलं. या वयाच्या फटकळ माणसाची माफी त्याच्या कामाच्या भाषेतच येते. ती आली असेल तर तिच्यावर आणखी शब्दांची मागणी करू नये. शनिवारी मुलगा आला, आजींनी वही उघडून लाल रेघ दाखवली आणि पेन पुढे केलं. दुरुस्तीच्या शेजारी त्यानेही आद्याक्षरी केली.

त्याच दिवशी नवा नियम झाला: आकडा बोलायचा नाही, मुलानेच वहीत लिहायचा. त्याच दिवशी दुपारी आजींनी मुलीला फोन करून कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. आठ महिन्यांच्या आग्रहाने जे झालं नाही, ते एका चुकीच्या नोंदीने झालं. ‘तुला ऐकू येत नाही’ हे मत होतं, त्याला नाही म्हणता येतं. वहीतल्या ८ आणि ६० ला नाही म्हणता येत नाही. श्रवणतपासणीला तयार नसलेल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या कामात चूक कुठे पडते हे त्याला दिसू द्यावं. आणि ती त्याची त्यालाच सापडली पाहिजे, दुसऱ्याने नाकासमोर धरून उपयोग नाही.

कान, आणि एक अनपेक्षित अडचण

आधी मळ निघाला. डॉक्टरांनी दिलेले थेंब काही दिवस घालून तो मऊ केला आणि मग काढला. घरी काडीने कोरण्याने मळ आणखी आत ढकलला जातो, आणि पडद्याला छिद्र असेल तर मनाने थेंब घालणंही चूक. त्यानंतर श्रवणआलेख काढला: खालच्या पट्टीत, ५०० हर्ट्झला, ३० डेसिबल, वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झला, ६५. आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा, अगदी नमुनेदार. चेंडू ऐकू येतो, ‘स’ ऐकू येत नाही, हे सगळं त्या एका रेषेत होतं.

डॉक्टरांनी याच सुमारास १५ प्रश्नांचं ज्येष्ठांसाठीचं नैराश्य-मापन केलं. गुण ६ आले. ५ च्या वर गुण म्हणजे निदान नव्हे, पण पुढे तपासायला हवं असा इशारा. वृद्धांमधलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसतं. घड्याळाचं काम सुरू झाल्यापासून सोळाव्या आठवड्यात गुण ३ होते. याचं श्रेय एकट्या मुलाला देणं बरोबर नाही. दरम्यान श्रवणयंत्रंही आली होती, झोपही सुधारली होती. शिवाय मुलावर ‘आजींना बरं ठेवायची’ जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. ते त्याला सूचितही होऊ देऊ नये.

श्रवणयंत्रं नवव्या आठवड्यात बसली. पहिले दिवस दोन-दोन तास, मग वाढवत नेली. मेंदूला बरीच वर्षं न ऐकलेल्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी यंत्र काढून ठेवणारे पुष्कळ असतात, त्यामागे बहुधा कागदाची चुरचुर आणि नळाचा आवाज असतो. आजींनी घड्याळाखाली उभं राहून म्हटलं, ‘एवढा आवाज करतं हे?’ यंत्राच्या बॅटऱ्या तपकिरी पट्टीच्या, ३१२ क्रमांकाच्या बटण बॅटऱ्या होत्या. नव्या आणि वापरलेल्या दोन्ही झाकणाच्या डब्यात, वर. अशी बॅटरी मुलाने गिळली किंवा नाकात-कानात घातली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. काही तासांतच आतल्या भागाला जखम होऊ शकते.

मग जे झालं त्याचा कुणी विचार केला नव्हता. आजींना टिकटिक ऐकू येऊ लागली आणि मुलाचं काम संपलं. दहाव्या आठवड्यात तो आला आणि नुसता बसला. अकराव्यात पंधरा मिनिटांत निघाला. पुढच्या शनिवारी आलाच नाही. सगळे आजींच्या सुधारणेवर खूश होते, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आजींच्या आलं. ‘त्याला आता इथे काय काम आहे?’ असं त्यांनीच मुलीला फोनवर विचारलं.

गरजेवर उभ्या राहिलेल्या नात्यात गरज भागली की पोकळी पडते. ती आधीच ओळखून पुढची जबाबदारी तयार ठेवावी, आणि ती खरी असावी, मुलाला गुंतवून ठेवायला शोधलेली नसावी. अमेरिकेतल्या एक्सपीरियन्स कॉर्प्स उपक्रमात साठीपुढचे स्वयंसेवक प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास काम करत. तिथेही त्यांना शोभेचं काम न देता शाळेला हवं असलेलं काम दिलं जाई. मुलांच्या बाबतीतही हेच खरं. आजींनी बाराव्या आठवड्यात मुलाला बोलावून चाकी त्याच्या ताब्यात दिली. किती फिरवायची, फिरवायची की नाही, हे तो ठरवणार. त्या फक्त वही तपासणार. अर्धा फेरा आणि मग पाव फेऱ्याहून थोडं कमी, असं करत त्याने घड्याळ आठवड्याला अर्ध्या मिनिटाच्या आत आणलं.

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी म्हातारपणाच्या आधीच्या टप्प्यातली एक गरज सांगितली आहे, आपल्याकडचं काही पुढच्या पिढीत रुजवायची. आजींच्या बाबतीत ती घड्याळापुरती नव्हती. रेघ मारून दुरुस्ती करणं, शेजारी सही करणं, ही त्यांची खरी विद्या होती, आणि मुलगा ती शाळेच्या वहीतही करू लागला.

काय बदललं नाही

आजी फटकळच राहिल्या. जिन्यात ओरडणाऱ्या इतर मुलांवर त्या आजही खेकसतात. एका मुलाशी नातं जुळलं म्हणून सगळी मुलं आवडायला लागतील ही अपेक्षा धरू नये. धाकट्या बहिणीला घड्याळाच्या खोलीत प्रवेश नाही, आणि ती त्यावर रुसून आहे. चेंडूची जागा बदलून खालच्या मोकळ्या जागेत गेली, पावसात मात्र अजूनही भिंतीवर दणके बसतात आणि आजी अजूनही दार वाजवतात. फरक इतकाच की आता मुलाला त्याच्या नावाने हाक मारून रागावतात.

चौदाव्या आठवड्यात आजी मुलीकडे दहा दिवस गेल्या. घड्याळ आठ दिवसांचं, म्हणजे मध्ये चावी द्यावी लागणार. तोवर चावी त्या स्वतःच देत. स्प्रिंग भरत आली की चावी हातातून निसटून उलटी फिरू शकते आणि बोटाला लागते, म्हणून मुलाचं काम फक्त अर्धे फेरे मोजायचं होतं. जाताना त्यांनी चावी मुलाच्या आईकडे दिली आणि चिठ्ठी मुलाकडे: ‘रविवारी. उजवं भोक चालण्याचं, डावं टोल्यांचं. दोन्ही १४ अर्धे फेरे. अडलं की थांब, जोर नको. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर चावी घट्ट धर. काटे मागे फिरवू नकोस.’ निघण्याआधी दोनदा त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवून करून घेतलं. रविवारी आई सोबत उभी राहिली.

आजी परतल्या तेव्हा वहीत एक नवी ओळ होती: ‘रविवार. उजवं १४. डावं १३, मग अडलं, थांबलो. २० सेकंद पुढे.’ खाली आद्याक्षरी. आजींनी चष्मा लावून ती वाचली, लाल पेन काढलं आणि शेजारी लिहिलं, ‘वेळ लिहिली नाही.’

मुलाने त्याखाली लिहिलं: १०:०५.